थंड हवेचं ठिकाण

गावाच्या वेशीवर एक पाटी आहे. 'थंड हवेच्या ठिकाणी आपलं स्वागत.' खाली तापमान लिहिलंय, तेही ऑइलपेंटनं. तापमान ऑइलपेंटनं लिहिणाऱ्यांच्या अकलेला काय म्हणावं? पण ती पाटी लावणारे मूर्ख नव्हते. खालच्या सपाटीवरची भाजून निघालेली माणसं घाट चढून वर येतात ती तो आकडा वाचायलाच. हवा काय, आज अशी तर उद्या तशी. आकडा मात्र पक्का हवा.

डोंगराच्या धारेवरचं हे गाव एका वाऱ्यावर जगायचं. दुपार कलली की दरीतून वारा वर चढायचा. गाव त्याला 'जावई' म्हणायचं, कारण तो यायचा म्हणजे यायचाच, आणि आला की पडल्या माणसाला उठून दारं-खिडक्या आवरायला लावायचा. यंदा जावई रुसला. खालच्या उतारावरचं रान पेटलं होतं, कुणी म्हणे आपोआप, कुणी म्हणे पेटवलं, आणि त्या धुरानं पातेल्यावर झाकण बसावं तसं गावावर झाकण बसवलं. दिवसभर झाडाचं पानही हलेना. सूर्य धुरात तांबडा, आजारी डोळ्यासारखा. कुत्री गटारात जाऊन पडली.

आणि गावात पंखा नाही. एकाही घरात नाही, दुकानात विकायलाही नाही. 'आमच्याकडे पंखा लागत नाही' हे सांगताना इथल्या माणसाची छाती फुगते. दुकानांत मिळतात त्या रजया, लोकरी टोप्या आणि पायमोजे. हॉटेलवाल्यांनी मात्र गुपचूप एसी बसवून घेतले. त्यांची तोंडं पाहुण्यांच्या खोल्यांत आणि बुडं मागच्या कामगारगल्लीत. पाहुण्यांच्या अंगावर गारवा, कामगारांच्या तोंडावर त्यांची गरम ढेकर. यालाच म्हणतात पर्यटनामुळं गावाचा विकास.

त्या गल्लीत वहिनी राहायची. नवरा टॅक्सी चालवायचा, सगळे ड्रायव्हर त्याला दादा म्हणत, म्हणून ही गावाची वहिनी. ती मोठ्या हॉटेलच्या लॉंड्रीत इस्त्री करायची. घरात तिसरं माणूस म्हणजे तिचे सासरे, मामंजी.

मामंजींनी उभा जन्म गावाला ऊब देण्यात घालवला होता. पत्र्याच्या शेगड्या बनवायचे, धुरांडी बसवायचे, आणि हिवाळ्याच्या तोंडावर घरोघर जाऊन फटी बुजवायचे. स्वतःच्या खोलीवर तर त्यांनी सगळी विद्या ओतली होती. वर पत्रा, पत्र्याखाली फळ्या, मधे ठासून भरलेला लाकडाचा भुसा. एकुलती एक खिडकी खिळे मारून बंद, कडांना चिंध्या, त्यावर कागद, कागदावर रंग. "या खोलीत थंडी शिरली तर मी मिशी उतरवीन," असं ते म्हणायचे. मिशी शाबूत होती. थंडीची काय बिशाद!

त्या सकाळी मामंजींना हुडहुडी भरली. दातावर दात आपटत होते. वहिनीनं तेच केलं जे या गावात पिढ्यान् पिढ्या करत आलेत. दार लावलं, अंगावर रजई घातली. घाम सुटेना म्हणून दुसरी घातली. घाम सुटला की ताप उतरतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. या गावात माणूस मरायचा तो थंडीनं, दुसरं मरण कुणी पाहिलेलंच नव्हतं.

"सूनबाई, ती काय म्हणते बघ," मामंजी भिंतीकडं बघून म्हणाले.

"कोण, मामंजी?"

"तुझी सासू. दारात उभी आहे. आत घे की तिला."

सासूबाई जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. वहिनीनं मामंजींच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. पण सीझनमधे रजा मागायची म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. तिनं शेजारच्या काकूला हाक मारली.

"जा तू," काकू म्हणाली. "मी बसते. असल्या छप्पन्न हुडहुड्या उतरवल्यात मी. तुझ्या नवऱ्याचा गोवर कुणी काढला? मीच."

वहिनी गेली.

लॉंड्री म्हणजे तळघर. वर पाहुणे नाचतात, खाली चादरी उकळतात. वाफेनं भिंतींना घाम फुटलेला, बायकांच्या कपाळावरून थेंब थेट चादरीवर, आणि त्यावरच इस्त्री फिरे. म्हणजे पाहुणे रोज कुणाच्या तरी घामात झोपत होते आणि सकाळी 'व्वा, काय ताजं वाटतंय' म्हणत होते.

दुपारच्या आधी मागच्या दारानं खालच्या सपाटीवरची एक पाहुणी बाई तणतणत आली. अंगानं भरलेली, हातात चादरीचा बोळा. तिच्या रोजच्या तक्रारींना लॉंड्रीतल्या बायका वैतागल्या होत्या, तिला त्यांनी नाव पाडलं होतं 'खालची राणी'.

"ही चादर अंथरायची की शेक घ्यायचा हिनं?" राणीनं बोळा टेबलावर आपटला. "एसी तर नुसता घोरतोय. घरी काय वाईट होते मी? पैसे देऊन भाजून घ्यायला आलेय!"

"दुसरी देते, बाई," वहिनी म्हणाली, आणि चादर उचलताना तिनं पदरानं डोळे पुसले.

राणीनं तिच्याकडं पाहिलं. "तुला काय झालं गं? रडलीस की काय?"

"काही नाही. सासऱ्यांना सकाळपासून हुडहुडी भरलीय."

"या असल्या दिवसांत?"

"हो ना. दोन रजया घातल्यात तरी घामाचा टिपूस नाही. अंग तर असं तापलंय, हात लावला की चटका बसतो."

राणीचा चेहरा उतरला. तणतण कुठल्या कुठं गेली. "टिपूस नाही? कोरडंठाक अंग? आणि बरळतायत का?"

"सासूबाईंना हाका मारतायत. त्या नाहीत आता."

"अगं बये!" राणी ओरडली, तशा सगळ्या बायका वळल्या. "ऊन लागलंय त्यांना. ऊन! आणि तू रजया घालतेस? जिवंत माणूस उकडायला टाकलास की गं!"

"ऊन कुठून लागेल, बाई? ते घराबाहेर पडलेलेच नाहीत."

"घरात बसून लागतं. माझा सख्खा दीर बसल्या जागी गेला, आम्ही आपले म्हणत होतो झोपलाय. तू आधी पळ. फेकून दे त्या रजया. अंग भिजव, वारा घाल. गार काही मिळालं तर मानेला लाव, काखेत लाव, जांघेत लाव. आणि दवाखान्यात ने. चल, ऊठ, माझं तोंड काय बघतेस!"

वहिनीच्या हातातली चादर तशीच राहिली. दोन रजया. पायाशी गरम पिशवी. बंद दार. तिनं आपल्या हातानं केलं होतं सगळं, एकेक करून, मायेनं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती कशी, ते तिला त्या घडीला कळलं.

जिना चढून ती मॅनेजरपुढं उभी राहिली. "साहेब, बर्फ द्या थोडा. सासऱ्यांना ऊन लागलंय."

मॅनेजरनं आधी मागंपुढं पाहिलं. लॉबीत पाहुणे होते. "हळू बोला. काय लागलंय?"

"ऊन."

"वहिनी, आपल्या गावात ऊन लागत नाही. खाली लागतं, म्हणून तर लोक वर येतात. म्हाताऱ्या माणसाला ताप आला असेल, गोळी द्या. उगाच असलं काहीबाही बोलून सीझन नासवू नका."

"बरं, ऊन नाही लागलं. बर्फ तरी द्या."

"बर्फ मोजून आहे. संध्याकाळी पार्टी आहे."

"मग तुमचा बाप पार्टीत उकडला की द्या त्याला," वहिनी म्हणाली आणि निघाली. नोकरी गेली हे तिला कळलं. पण तेव्हा तिला नोकरीची फिकीर राहिली नव्हती.

पळता पळता तिनं नवऱ्याला फोन लावला. तो घाटात अडकला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या, मधे तो.

"गाडी सोडून ये," ती म्हणाली.

"अगं, गाडीत पाहुणे बसलेत. आणि चालत म्हटलं तरी अंधार पडेल. काय झालंय? बाबा ठीक आहेत ना?"

"मी मारलं त्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला. असं बोलू नये. पण तोंडातून गेलं.

खोलीचं दार ढकललं तर आतून भपकारा आला, कुणी तोंडात मारावी तसा. काकूनं शेगडी पेटवली होती! तिसरी रजई घातली होती! स्वतः घामाच्या धारांत न्हाऊन, पदरानं तोंड पुसत, इमानेइतबारे मामंजींच्या उशाशी बसली होती.

"आली का बाई. बघ, हुडहुडी थांबली. किती शांत पडलेत!"

मामंजी खरंच शांत होते. डोळे अर्धे उघडे, नजर कुठंच नाही. ओठ फाटलेले. वहिनीनं एका झटक्यात तिन्ही रजया ओढून भिरकावल्या.

"अगं ए! वेड लागलं का तुला?" काकूनं तिचा हात धरला. "जीव घेतेस का म्हाताऱ्याचा?"

"जीव आपण घेतोय, काकू! दोघी मिळून. सोड मला!"

"मी? मी घेते जीव? सकाळपासून इथं बसून माझं आतडं शिजलं..."

"तुझं शिजलं ना? मग त्यांचं काय झालं असेल?"

काकूनं हात सोडला. तिनं शेगडीकडं पाहिलं, रजयांकडं पाहिलं, मग स्वतःच्या भिजलेल्या हातांकडं. एवढा घाम आपल्या अंगातून गेला आणि म्हाताऱ्याच्या अंगातून एक थेंब नाही, हे तिला आत्ता दिसलं. तिनं शेगडी उचलली आणि तशीच हात भाजत दाराबाहेर नेऊन उपडी केली.

वहिनीनं नळ सोडला. नळ खोकला आणि थांबला. पाणी हॉटेलांकडं वळवलं होतं, त्यांना अंघोळीला टब भरून लागतात. मडक्यात होतं तेवढं तिनं मामंजींच्या डोक्यावर, छातीवर ओतलं. ते पाणीही कोमट. खिडकी उघडेना. उघडणार कशी, मामंजींनी बंद केलेली ती. वहिनीनं वरवंटा घेतला आणि काच फोडली. काचेच्या कडांना कागद, कागदाखाली चिंध्या. सगळं ओरबाडून काढलं तर समोर हॉटेलच्या एसीचं बूड. त्यानं सगळा गरम श्वास थेट आत सोडला.

वहिनी हसली. रडायला वेळ नव्हता म्हणून हसली.

"दवाखान्यात न्यायचं, काकू. पाय धर."

गावचा दवाखाना दुसऱ्या टोकाला. अर्धा रस्ता चढाचा. दोघींनी रजई अंथरली, मामंजींना तीवर घेतलं आणि झोळी करून उचललं. म्हातारा वाळून काटकी झाला होता, पण शुद्ध हरपलेलं माणूस जड असतं. बोळ संपून मोठा रस्ता लागेपर्यंत काकूला धाप लागली. तिनं झोळी खाली टेकवली.

"मला... नाही गं होत आता."

"काकू, ऊठ!"

"माझ्या छातीत... थांब जरा."

वहिनीनं रस्त्याकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्या. हलत नव्हती एकही. सगळ्यांच्या काचा वर, इंजिनं चालू, आत एसी. थंड हवा खायला आलेली माणसं आपापली थंड हवा डब्यात बंद करून बसली होती, आणि त्या सगळ्या डब्यांची धग रस्त्यावर.

तिनं पहिल्या काचेवर थाप मारली. आतल्या माणसानं न बघताच हात हलवला, नको, नको. दुसऱ्या गाडीतल्या बाईला वाटलं ही काहीतरी विकतेय. तिनं ओठांनी विचारलं, कितीला? तिसऱ्या काचेतून एकानं फोन धरून तिचा फोटो काढला. वहिनी गाडीमागून गाडी बडवत गेली. "अहो, माणूस मरतंय! नुसतं आत घ्या! घटकाभर!" काचेतून आवाज जात नसेल. गेला तरी ऐकायचा नसला की नसतो जात.

पुढं एका मोठ्या पांढऱ्या गाडीचा मालक खाली उतरला होता. टाचा उंचावून पुढं कुठवर कोंडी आहे ते बघत होता. इंजिन चालू, दार सताड उघडं. मागच्या सीटवर बॅगा आणि थर्माकोलचा डबा. पुढं त्याची बायको.

वहिनी झोळीकडं परत धावली. तिनं विचार केला नाही. विचार करायला वेळ लागतो, आणि वेळ मामंजींकडं नव्हता.

"काकू, धर. त्या पांढऱ्या गाडीत."

"अगं, कुणाची..."

"धर म्हणते ना!"

बॅगा रस्त्यावर गेल्या. मामंजी मागच्या सीटवर गेले. वहिनी त्यांच्या पायाशी चढली आणि तिनं दार ओढून घेतलं. आतली गार हवा अंगाला लागली तसं तिला भडभडून आलं. एवढं सोपं होतं हे! एका काचेपलीकडं होतं सगळं.

पुढची बाई किंचाळली. मालक धावत आला, पुढच्या सीटवर बसून मागं वळला. "ए बाई! उतर आधी! कोण तुम्ही?"

"डब्यात काय आहे?" वहिनीनं विचारलं.

"काय?"

"या डब्यात! बर्फ आहे का?"

"कोल्ड्रिंकच्या बाटल्या आहेत," मालकाची बायको म्हणाली. तिची नजर मामंजींच्या तोंडावर खिळली होती.

वहिनीनं डब्याचं झाकण उपसलं. बर्फाच्या पाण्यात बाटल्या. तिनं एक मानेखाली सरकवली, दोन्ही काखांत एकेक, एक जांघेत. मग ओंजळीनं ते पाणी छातीवर, पोटावर, डोक्यावर.

"सीट! अगं सीट भिजतेय!" मालक ओरडला. "चामड्याची आहे! मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. त्यांना रस्ता मिळाला तर माझ्या सासऱ्यांनाही मिळेल."

"हे बघा, आम्ही चार दिवस फिरायला आलोय..."

"आणि हे जन्मभर इथं राहिलेत! तुमच्या हॉटेलांची धुरांडी यांनी बसवलीत. कधी हात पसरला नाही कुणापुढं. आज घटकाभर गार हवा मागतोय आम्ही. गावाची हवा आहे, तुमच्या बापाची नाही."

मालकानं चावीकडं हात नेला. इंजिन बंद, एसी बंद, मग आपोआप उतरतील, असा त्याचा हिशोब. त्याच्या बायकोनं त्याचं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं.

काकू बाहेर काचेला कपाळ लावून उभी होती. हातानं विचारत होती, काय? काय?

वहिनीला सांगता येईना. मामंजींची छाती हलत होती, पण इतकी हळू की ती खरंच हलतेय की आपल्यालाच तसं वाटतंय, ते कळेना. तिनं हाका मारल्या. मामंजी. अहो मामंजी. उठा ना. शिव्या घाला मला. काही नाही.

आणि तेवढ्यात मामंजींच्या अंगाखालून सीटवर काहीतरी पसरलं. आधी तिला वाटलं बर्फाचं पाणी. मग वास आला.

"अरे देवा!" मालकानं नाक धरलं. "बघ, बघ काय केलं यानं!"

वहिनी गोठली. मरताना माणसाचं असं होतं, हे तिनं पाहिलं होतं. सासूबाईंचं झालं होतं. शरीर सगळं सोडून देतं, धरून ठेवायला आत कुणी उरत नाही. तिनं मामंजींच्या छातीवर कान टेकवला. एसीची घरघर, मागच्या गाड्यांचे हॉर्न, मालकाची बडबड, त्यात कान टेकवून काय ऐकू येणार?

तिच्या केसांना काहीतरी लागलं. मामंजींचा हात. तो हात तिला ढकलत होता, काहीच जोर नसल्यासारखा, पण ढकलत होता. तिनं मान वर केली. डोळे उघडे होते आणि ते तिलाच बघत होते. दुसरा हात धोतराचा काठ शोधत होता, अंग झाकायला.

"सूनबाई," मामंजींच्या घशातून आवाज नाही, नुसती खरखर आली. "तिकडं... तोंड कर."

भल्या माणसाला लाज वाटत होती! सुनेसमोर अंग भिजलं, सुनेनं पाहिलं, याची लाज वाटत होती त्याला. मेलेल्याला कसली आलीय लाज?

वहिनीनं मुकाट्यानं तोंड फिरवलं. आयुष्यात सासऱ्यांचा शब्द तिनं इतक्या आनंदानं कधी झेलला नव्हता. खिडकीबाहेर काकू अजून हातानं विचारत होती आणि वहिनीला मानही हलवता येत नव्हती, इतकी ती हुंदक्यांनी गदगदत होती. दवाखाना अजून दूर होता. रांग तसूभरही हलली नव्हती. संध्याकाळपर्यंत काय होईल ते कुणाला माहीत?

तोंड बाहेर ठेवूनच तिनं एक हात मागं नेला, चाचपडत मामंजींच्या मानेखालची बाटली नीट केली, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला म्हणाली, "एसी वाढवा."